वादळाच्या गाण्यावर फेर

७ जून, शनिवार

आज वस्तीमंडळाच्या बैठकीत माझं डोकं फिरलं. मी ते लपवलंही नाही.

विषय होता ऑगस्टमधला पितरांच्या सणाचा, ओबोनचा नाच. अध्यक्ष ओकुमुरा-सान घसा खाकरून म्हणाले, "शिगेनो-सान, गेल्या वर्षी मचाणाभोवतीचा फेर पुरा झाला होता का? खरं सांगा."

नव्हता झाला. पहिल्या आणि शेवटच्या बाईमध्ये एवढी फट होती की आईस्क्रीमची गाडी त्यातून आरामात वळवून नेली असती. पण हे असं चारचौघांत विचारायचं असतं का? मी म्हटलं, "पाऊस होता." लगेच होसोया-सान म्हणाले, "पाऊस त्याच्या आदल्या वर्षी होता." हा माणूस टोफू विकतो, नाचाला मचाणावर बसून ढोल वाजवतो, आणि इतक्या वर्षांत एकदाही माझ्या बाजूने बोललेला नाही.

ओकुमुरांचं म्हणणं असं की मचाण उभं करणारे सगळे सत्तरी ओलांडलेले आहेत, आवाजाच्या तक्रारी येतात, आणि नाचायला माणूस नाही. तेव्हा या वर्षीही फेर पुरा झाला नाही, तर पुढच्या वर्षीपासून मचाण बांधायचं नाही. लाकडं कुणाला हवी त्याला देऊन टाकायची.

मग मागच्या रांगेतून आमची सून मिहारू उठली. दोन गल्ल्या सोडून राहते, बैठकीला येते, पण तोंड कधी उघडत नाही. आज म्हणाली, "वादळवाहिनीचं गाणं घेतलं तर? ती मालिका आपल्याच बँकेमागच्या स्टुडिओत बनते. आपला उतार त्यात आहे, पाण्याची टाकी आहे. लोक लांबून फोटो काढायला येतात. नाचायलाही येतील."

वादळवाहिनी म्हणजे कार्टून. ॲनिमे म्हणायचं म्हणे. मी म्हटलं, "पितर घरी येतात त्या दिवसांत आपण कार्टूनच्या गाण्यावर नाचायचं? त्यांना काय वाटेल?"

"माझ्या वडिलांना तरी आवडेल," होसोया म्हणाले. "तुमचा नाच त्यांना फार संथ वाटायचा."

सगळे हसले. ठराव पास झाला. नाच बसवायचा कुणी? अर्थात मी.

घरी येऊन भांडी आपटली. इवाओ, म्हणजे आमचे हे, निवृत्त झाल्यापासून फारसं बोलत नाहीत. आपटलेली भांडी त्यांनी मुकाट्याने पुसून जागेवर लावली.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. नाच बंद झाला तर मी कोण? इवाओची बायको आणि दुधाच्या रांगेतली एक म्हातारी. मचाणावर उभी असले की सगळी वस्ती माझ्या हाताकडे बघते. वर्षातून दोन तास का होईना, पण बघते.

१० जून, मंगळवार

पहिला भाग पाहिला. कामासाठी. गाण्याचा अर्थ कळल्याशिवाय नाच बसवता येत नाही.

रिन्का नावाची अनाथ पोरगी वादळं बरणीत पकडते आणि भर समुद्रात नेऊन सोडते. किंचाळते फार. सुती युकाता-झग्याचा कमरपट्टा चुकीचा बांधलेला आहे, चित्र काढणाऱ्याने आयुष्यात कधी बांधलेला नसणार. सुरुवातीचं गाणं भयंकर वेगात आहे. यावर नाचायचं की धावायचं?

सगळे भाग आमच्या टीव्हीत आधीच रेकॉर्ड झालेले निघाले. हे म्हणाले, यंत्र आपोआप करतं. बरंच हुशार यंत्र आहे. मी पाहत होते तेव्हा हे शेजारी वर्तमानपत्र वाचत बसले होते. पूर्ण भागात पान एकदाही उलटलं नाही. डोळे तपासून घ्यायला हवेत त्यांचे.

११ जून, बुधवार

आणखी चार भाग पाहिले. कामासाठी.

१५ जून, रविवार

पाचव्या भागात सेइगा नावाचा तलवारबाज येतो. आधी शत्रू असतो, मग रिन्काच्या बाजूला येतो. केस चांदीसारखे पांढरे. पण ते जाऊ दे. त्याची उभं राहायची ढब! कंबर खाली, खांदे सैल, नजर समोर. मी तीस वर्षं बायकांना ओरडून सांगते आहे की कंबर खाली ठेवा, कंबर खाली ठेवा. हा कागदावरचा माणूस न सांगता ठेवतो.

तो भाग तीनदा पाहिला. पावलं नीट बघायची होती.

१८ जून, बुधवार

मिहारूला बोलावून घेतलं. ती आली की आमच्याकडे कशी शांतता पसरते. "हो आई", "बरं आई", आणि चहा संपला की निघते. त्याला कारण आहे, मला माहीत आहे. लग्नानंतर त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या खोलीत भिंतभर बिल्ले नि बाहुल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, "मुलं व्हायच्या आधीच एवढी खेळणी?" तेव्हापासून त्या खोलीचं दार मला कधी उघडं दिसलं नाही.

आज मात्र मी सेइगाबद्दल विचारलं आणि पोरीचे डोळे असे चमकले! बोलतच सुटली. सेइगा कुठे वाढला, तलवार डाव्या हाताने का उपसतो, त्याला गोड भात का आवडत नाही. मग हळूच म्हणाली, "आई, तुमचा ओशी सेइगा आहे का?"

ओशी म्हणजे ज्याच्या पाठीशी आपण जीव ओवाळून उभं राहायचं तो. मी म्हटलं, "माझा ओशी-बिशी कुणी नाही. मी नाच बसवतेय."

"हो आई," ती म्हणाली. पण हसत होती.

संध्याकाळी बाजारातून येताना, स्टेशनजवळ ते मूठ फिरवून गोळा काढायचं यंत्र आहे ना, त्यात वादळवाहिनीच्या छोट्या मूर्ती असतात. संदर्भाला एखादी असावी म्हणून मूठ फिरवली. बोलणारा बेडूक आला. परत फिरवली. बेडूक. माझ्या मागे शाळेच्या पोरांची रांग लागली. मी मागे वळून म्हटलं, "घाई असेल तर दुसरीकडे जा." शेवटी सेइगा निघाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

बेडूक इवाओंना दिले. त्यांनी ते ओळीने खिडकीत मांडून ठेवलेत.

२५ जून, बुधवार

नाच बसला!

माझा नियम एकच. पहिला फेर बघितला की दुसऱ्या फेराला यायला हवं, नाहीतर तो ओबोनचा नाच नव्हे. कमरेत लचक आणि गिरक्या दाखवायच्या असतील तर रंगमंचावर जा. म्हणून हालचाली मोजक्याच घेतल्या. वाऱ्याला हाक मारायची, बरणीत धरायचा, झाकण लावायचं, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि मग डाव्या हाताने तलवार उपसायची आणि हात वरच ठेवायचा. पुन्हा पहिल्यापासून. टीव्हीवर गाणं संपतं तिथेच माझा नाच बरोबर संपतो. एका सेकंदाचाही फरक नाही. टेपवर तेच गाणं पुन्हा पुन्हा भरून घेतलं.

स्वयंपाकघरात एकटीच नाचून पाहिलं. तलवार उपसताना वरच्या फडताळाचं दार निखळलं. यांनी बसवून दिलं.

२८ जून, शनिवार

बागेत पहिला सराव. आमच्या मंडळाच्या बायका आल्या, गुडघ्यांसकट. मी शिकवते म्हणून त्या मला सेन्सेई म्हणतात. पहिल्याच गाण्यानंतर एक जण म्हणाली, "सेन्सेई, या वादळात मीच वाहून जाईन." होसोया ढोल बडवून इतके घामाघूम झाले की त्यांनी टोफूचं फडकं डोक्याला बांधलं. म्हणाले, "हे गाणं कुणी लिहिलं? त्याला एकदा माझ्या हाताने वाजवू दे."

पण कुणी घरी गेलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

५ जुलै, शनिवार

सरावाला तीन अनोळखी माणसं आली होती. एका मुलीने पांढऱ्या केसांचा टोप घातला होता, या उकाड्यात! लांब उभे राहून बघत होते. नव्या इमारतीतले असतील.

इवाओ बाकावर मोबाईल धरून बसले होते. हल्ली सारखे तेच करतात. मी विचारलं, "काय एवढं बघता?" म्हणाले, "हवामान." हवामान बघायला मोबाईल नाचणाऱ्यांकडे तोंड करून का धरावा लागतो, देव जाणे.

९ जुलै, बुधवार

अनोळखी माणसं वाढली. कुणी ओसाकाहून आलंय म्हणे! टोप घातलेल्या मुलीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बर्फाळ सेन्सेई, एक फोटो काढू का?"

"बर्फाळ?"

"तुम्ही नाचताना एकदाही हसत नाही ना! आम्ही सगळे तुमचे चाहते आहोत. तुम्ही होसोया-सानना ओरडता ते तर आम्ही पुन्हा पुन्हा बघतो."

कुठे बघतात? मी विचारणार तेवढ्यात ढोल सुरू झाला. मला कुणी बर्फाळ म्हटलेलं आवडत नाही. पण तिने ते दोन्ही हात छातीशी धरून म्हटलं, म्हणून सोडून दिलं.

नाचत मात्र कुणी नाही. झाडाखाली उभे राहतात आणि मान डोलावतात. फेर काय झाडाखाली पुरा होणार आहे?

१३ जुलै, रविवार

सेइगाच्या छातीत भाला घुसला. भाग तिथेच संपला. पुढचा आठवड्याने.

 कागदावरचा माणूस, मी स्वतःला सांगितलं. सदुसष्ट वर्षांची बाई तू, सासू झालीस, लाज धर. काही उपयोग नाही. जेवण गेलं नाही. सोबाच्या शेवया तशाच राहिल्या.

इवाओ म्हणाले, "मरत नाही तो. अजून दोन खंड आहेत."

"कसले खंड?"

"शेंगा घे, गार झाल्या," म्हणाले.

अलीकडे हे मधूनच असं काहीतरी तुटक बोलतात. वय झालं, दुसरं काय.

मिहारूला फोन केला. ती पण रडत होती. आम्ही दोघी फोन धरून बराच वेळ रडलो, आणि मधे मधे एकमेकींना सांगत होतो की तो मरणार नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली तिच्या. एवढं बोलणं आमच्यात कधीच झालं नव्हतं.

१९ जुलै, शनिवार

आज सरावात एक उंच तरुण चष्मेवाला पुढे आला. घामाने निथळत होता, पण शिस्तीत वाकला. "सेन्सेई, एक शंका आहे. गाण्यात जिथे सगळं एकदम शांत होतं, तिथे काय करायचं?"

टीव्हीवर गाण्याच्या शेवटी मालिकेचं नाव येतं, तेव्हा क्षणभर आवाज थांबतो. त्यात विचारण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, "शांत होतं तिथे शांत राहायचं. हात वर असेल तर वर. खाली असेल तर खाली. डोळ्याची पापणीसुद्धा हलवायची नाही."

तो असा बघत राहिला जणू मी त्याला मंत्र दिला. मग मागे जाऊन सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगली मुलं आहेत. थोडी मंद आहेत.

२४ जुलै, गुरुवार

ओकुमुरा-सान पीच घेऊन आले. फळं घेऊन आले तेव्हाच मी ओळखलं.

बसले, सातूचा थंड चहा घेतला, पंखा चांगला आहे म्हणाले. मग म्हणाले, "शिगेनो-सान, वाईट वाटून घेऊ नका. निरोपाचे चार शब्द तयार ठेवा. ही माणसं बघायला येतात, नाचायला नाही. मी सरावाला येऊन पाहिलंय. फेरात तुमच्या त्याच बायका आहेत."

मी पीच मोजत बसले. कारण खरं होतं.

"एक मात्र केलंय," ते म्हणाले. "तुमच्या त्या खरखरीत टेपवर शेवटचा नाच नको. गाण्याची चांगली सीडी आणली आहे. आवाजाचं मी स्वतः बघणार." हा माणूस कठोर आहे, पण अर्धवट काम त्याला खपत नाही. निरोपसुद्धा चांगल्या आवाजात देणार.

ते गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. बाहेर आले तर इवाओ दाराशीच उभे. म्हणाले, "येतील."

"कोण येतील?"

"माणसं."

"तुम्हाला काय माहीत?" मी त्यांच्यावर ओरडले. ते पीच सोलायला बसले. बिचाऱ्यांवर उगाच चिडले. पण धीर द्यायचा तर नीट दोन वाक्यं बोलून तरी द्यावा ना!

निरोपाचं भाषण लिहायला बसले. "आदरणीय वस्तीकर हो" एवढं लिहिलं आणि कागद चुरगाळला.

३० जुलै, बुधवार

सेइगा जिवंत आहे!! (रविवारीच कळलं, आदल्या रविवारच्या भागात त्याचं नावही नव्हतं, पण मचाणाच्या धावपळीत लिहायला फुरसत झाली नाही.)

मचाण उभं राहिलं. म्हाताऱ्यांनी दोन दिवस घेतले. माझ्याबरोबर वर नाचणाऱ्या एका बाईचा गुडघा सुजलाय. आयत्या वेळी कोण? मिहारू म्हणाली, "आई, मी उभी राहू का?" तिला नाचायला येत नाही. हात सुंदर आहेत, पाय कुठे पडतात तिचं तिला माहीत नाही. तरी हो म्हटलं. पूर्वी म्हटलं नसतं.

३ ऑगस्ट, रविवार, पहाटे

काल घरी आले ती कमरपट्टाही न सोडता आडवी झाले. आता लिहिते, सगळं लिहिते.

संध्याकाळी सहाला सुरुवात झाली. कंदील लागले, बर्फाच्या गोळ्याची गाडी आली, भाजलेल्या मक्याचा वास सुटला. मी वर चढले आणि खाली बघितलं. माणसं होती, केवढी माणसं होती! बाग भरली होती. रंगीत टोप, युकाता, पाठीवर भोपळ्याएवढ्या बरण्या. पण सगळी कडेला. मधे मचाणाभोवती आमच्याच बायका, आणि फेरात तीच फट. जुनी गाणी लागली, एक झालं, दोन झाली. कडेची माणसं टाळ्या वाजवत होती, फोटो काढत होती, आणि कुणीही पाय पुढे टाकत नव्हतं. मी ओळखते ना आपल्या माणसांना. कुणी तरी आधी जाईल मग आपण जाऊ. सगळेच सभ्य, सगळेच वाट बघतायत. अशाने सकाळ होईल.

ओकुमुरा आवाजाच्या टेबलापाशी बसून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती. ती दया बघून माझं डोकं फिरलं.

मी उद्घोषकाच्या हातातून माईक ओढला. निरोपाचं भाषण समोरच्या खांबाला चिकटवलेलं होतं, तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"अहो झाडाखालचे!" मी म्हटलं. आवाज सगळ्या बागेत घुमला. "ओसाकाहून काय झाडं बघायला आलात? आत या! मी काय चावते? पाय चुकले तर चुकू देत, पण उभ्याने मान डोलावणारा माणूस मला परत दिसला तर त्याचा बर्फाचा गोळा मी खाईन!"

 मग कुणीतरी किंचाळलं, "सेन्सेई रागावली!" आणि असा जल्लोष उठला, जणू मी लाडू वाटतेय. आली की सगळी धावत! टोपवाली मुलगी, चष्मेवाला, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, स्टुडिओतली ती पांढरीफटक पोरं जी एरवी फक्त टोफू घ्यायला उन्हात येतात. फट भरली. मी वरून बघितलं. पहिल्या बाईच्या मागे शेवटचा माणूस आणि त्याच्या मागे पुन्हा पहिली बाई. फेर पुरा झाला. मी ओरडणार होते, पण त्याच्या बाहेर दुसरा फेर धरला जात होता. मग तिसरा.

तेवढ्यात ओकुमुरांनी आमचं गाणं लावलं. नव्या सीडीवरून. काय आवाज! सगळी बाग एका हाताने वाऱ्याला हाक मारत होती, एका हाताने झाकण लावत होती. तलवार उपसली तेव्हा शेकडो डावे हात एकदम वर गेले. माझा नाच संपला, बरोबर ठरल्या जागी.

आणि गाणं संपलंच नाही.

गाणं पुढे चालू राहिलं. वेगळेच शब्द! मला वाटलं सीडी बिघडली. तरी हात थांबवले नाहीत, पहिल्यापासून सुरू केलं, ते कसंबसं बसलंही. आणि मग अचानक सगळी वाद्यं बंद. एक घंटा आणि एका बाईचा आवाज. माझा हात तलवार उपसून वर होता, तो तिथेच अडकला. डोकं रिकामं. होसोयांच्या काठ्या हवेत, तोंड उघडं. मला वाटलं संपलं. सगळ्यांसमोर माझी फजिती झाली.

खाली बघितलं. शेकडो माणसं डावा हात वर धरून स्तब्ध उभी होती. पापणी हलत नव्हती. तो चष्मेवाला, ती मुलगी, सगळे. मी सांगितलं होतं तसं.

त्या शांततेत ती बाई गात होती: "गेलेल्यांनो, दिवा दिसतो का? वारा मी धरून ठेवलाय, सावकाश या." मी ही ओळ याआधी कधी ऐकलीच नव्हती. मला माझी आई आठवली. याच बागेत, याच मचाणाभोवती तिने मला पाठीवर बांधून फेर धरला होता. पितरांना काय वाटेल, असं मी विचारलं होतं ना? मिळालं उत्तर. 

शेजारून मिहारू कुजबुजली, "आई, हे गाण्याचं मधलं आहे. टीव्हीवर अर्धंच वाजतं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्हाला माहीत नसेल असं कुणाला वाटणार?" ती म्हणाली. "आता वेग येईल. माझ्याकडे बघा."

तीस वर्षांत मचाणावर मी कुणाकडे बघितलं नव्हतं. बघितलं. वाद्यं उसळली आणि तिने उजवी मूठ दोनदा आभाळात फेकली, हात गोल फिरवला, उडी मारली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "सेइ-गा!" मैफिलींमध्ये हे लोक असंच करतात म्हणे. पाय तिचे अजूनही कुठेही पडत होते, पण कुणाला पर्वा! मी मूठ फेकली. मी उडी मारली. मी ओरडले, "सेइ-गा!" खालून अख्खी बाग ओरडली. सुजलेल्या गुडघ्याची बाई खुर्चीवर बसून ओरडली. होसोया मिहारूच्या मुठीवर नजर ठेवून ढोल असा बडवत होते की माझे दात वाजत होते.

गाणं संपलं तेव्हा मी हसत होते. कुणीतरी खालून हाक दिली, "सेन्सेई वितळली!" वितळले तर वितळले.

तेच गाणं आणखी किती वेळा लागलं मला आठवत नाही. मग साडेआठ झाले. साडेआठला ओकुमुरा बटण दाबतात, मग गाणं अर्ध्यावर असलं तरी. काल त्यांनी माईक घेतला. "साडेआठ वाजले. नियम म्हणजे नियम."

बागेतून एक मोठा उसासा निघाला. कुणी वाद घातला नाही. आपली माणसं.

ओकुमुरांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. मग म्हणाले, "नियम मी केलेला आहे. तक्रार कुणाला करायची असेल त्याने माझ्या घरी फोन करावा. मी घरी नसेन, मी इथे आहे. पुन्हा एकदा!"

आणि बटण दाबून हा माणूस फेरात घुसला. उजवा-डावा काही कळत नाही त्याला. एका पोराच्या बरणीवर आपटला. माफी मागत मागत नाचत होता.

३ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

सकाळी आठला मचाण उतरवायचं होतं. दरवर्षी तेच पाच म्हातारे असतात आणि दुपार होते. आज मी भाताच्या गोळ्यांचा डबा घेऊन गेले तर बागेत पन्नासेक माणसं, हातमोजे घालून रांगेत उभी. काल मुक्काम करून राहिलेली. चष्मेवाला म्हणाला, "नाचलो, तर आवरायलाही हवं ना."

इवाओ पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्या मागून आले, आणि ते पन्नास जण कमरेत वाकले. "कासव-सान! कासव-सान, खूप आभार! तुमच्यामुळे आम्हाला कळलं!" काही जण त्यांच्याशी हात मिळवायला धावले. हे कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "छे, छे." यांना कासव का म्हणतात कोण जाणे. चालतात सावकाश म्हणून असेल. आणि आभार कसले? पाण्याच्या बाटल्या तर वस्तीमंडळाच्या होत्या.

तासाभरात मचाण जमिनीवर आलं. होसोया म्हणाले, "शिगेनो-सान, काल तुमचा नाच बरा झाला." मी म्हटलं, "तुमचा ढोल मागे पडत होता." दोघांनाही बरं वाटलं.

मिहारू माझ्या शेजारी बसून भाताचा गोळा खात होती. मी म्हटलं, "तुझी ती खोली मला दाखवशील का?" ती खाता खाता थांबली. म्हणाली, "आजच या. सेइगाचं एक कपाट वेगळं आहे." मी म्हटलं, "एकच?"

तेवढ्यात ओकुमुरा आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. फेर पुरा झाला हे मान्य करतील, किंवा मंडळापुढे ठेवावं लागेल म्हणतील. त्यांनी खिशातून जाड काळं पेन काढलं, गुडघ्यावर बसले, आणि पहिल्या फळीच्या टोकावर लिहिलं: पूर्व, खालची, डावी. मग दुसऱ्या फळीवर. मग तिसऱ्या. एकेक लाकूड नीट पुसून लिहीत होते.

"हे काय करताय?" मी विचारलं.

वर न बघता म्हणाले, "या वर्षी बांधताना कुठली कुठे ते कुणाला आठवत नव्हतं. दोन दिवस गेले. पुढच्या वर्षी एवढी माणसं येणार, तेव्हा असला गोंधळ चालायचा नाही."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, मिहारूच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. लिहून ठेवते, कारण उद्या कुणी विचारलं तर मी कबूल करणार नाही.